रहाडीचे पाणी कुठे जाते

२००३ साली, रंगपंचमीच्या महिनाभर आधी, माझ्या साडूंनी स्वतःच्या मुलीचे ठरत आलेले लग्न थांबवले. पत्रिका जुळत होती, मुलाला नोकरी होती, देण्याघेण्याचा विषय कोणी काढला नव्हता. मुलाच्या घरासमोरचे पाणी कुठे जाते, याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही, एवढेच कारण होते.

त्यांना ओळखणाऱ्यांपैकी कोणालाही याचे आश्चर्य वाटले नाही. गेलेल्या पाण्याची इतकी काळजी करणारा दुसरा माणूस नाशकात झालेला नाही. सर्वसाधारण माणसे पाणी येण्याची काळजी करतात; नळ किती वाजता येतो, टाकी भरली का, शेजाऱ्याने मोटर लावली का. साडूंच्या लेखी आलेले पाणी हा फार तर विषयाचा प्रस्ताव होता. खरे पाणी मोरीच्या जाळीखाली सुरू होत असे. नव्वदच्या दशकात शहर चहूबाजूंनी वाढत होते. सातपूरच्या कारखान्यांमागे वसाहती उठत होत्या, मळ्यांचे प्लॉट पडत होते, आणि या सगळ्यांनी वापरून टाकलेले पाणी नाल्यानाल्याने गोदावरीत उतरत होते. गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतात, त्यामुळे तिच्यात काहीही सोडले तरी ते पवित्र होते अशी एक समजूत होती. नदीकाठाने मोठ्या नळ्या टाकायच्या, जुनी गटारे आणि नाले त्यांत वळवायचे, ते पाणी पंपाने शहराबाहेर नेऊन शुद्ध करायचे आणि मगच नदीत सोडायचे, अशी योजना आली. साडू ती योजना पाहणाऱ्या खात्यात अभियंता होते. काही वर्षांत योजना कुठे संपते आणि साडू कुठे सुरू होतात हे सांगता येईना. शहरात त्यांना ड्रेनेजसाहेब म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, त्यांना भाजीवाल्या ड्रेनेजबाई म्हणत. ताईंनी ते कधी मनावर घेतले नाही, पण त्या बाजारात जाताना चांगली साडी नेसून जात.

साडूंच्या खिशात नेहमी एक काचेची गोटी असे. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते मोरीत जाऊन गोटी फरशीवर ठेवत आणि ती कुठे जाते ते पाहत. आमच्या एका नातलगांनी गंगापूर रोडला बंगला बांधला. वास्तुशांत चालू होती, गुरुजी आहुत्या देत होते, पन्नासेक माणसे हात जोडून बसली होती. न्हाणीघरातून एक गोटी निघाली, पॅसेज ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि नैवेद्याच्या ताटाला लागून थांबली. तिच्यामागून साडू आले. त्यांनी गोटी उचलली आणि यजमानांना हलक्या आवाजात सांगितले, "वास्तू शांत झाली. मोरी अजून अशांत आहे." यजमान वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघराचे पाणी देवघरापर्यंत आल्यावर बोलू लागले.

शहराचा नकाशा त्यांच्या डोक्यात वरून नव्हता, खालून होता. चौक, देवळे, सिनेमा थिएटरे यांवरून ते कधी पत्ता सांगत नसत. रस्त्यातले चेंबर, त्यांची झाकणे, त्यांची वळणे यांवरून सांगत. नांदगावहून त्यांचे एक मावसभाऊ दवाखान्यात कोणाला तरी भेटायला आले होते. त्यांना साडूंनी फोनवर रस्ता सांगितला: स्टँडवरून निघा, गोल झाकण दिसेल, तिथून डावीकडे उताराने, दोन चौकोनी झाकणे सोडा, मग मोठी लाइन लागेल, तिच्या कडेकडेने या. मावसभाऊ आज्ञाधारक गृहस्थ होते. ते झाकणांवर नजर ठेवून चालत राहिले आणि दुपारच्या सुमारास शहराच्या पूर्वेला पंपिंग स्टेशनच्या फाटकात हजर झाले. साडूंनी सांगितलेला कोणताही रस्ता शेवटी पंपिंग स्टेशनलाच पोचत असे, कारण त्यांच्या सांगण्यातही उतार होता. "दवाखाना कुठंय?" मावसभावांनी विचारले. "तो तुम्ही मागं वर सोडलात," साडू म्हणाले, "पण आलाच आहात तर पंप बघून जा." त्यांनी पंप पाहिला. त्यांची भावना काय होती हे कळू शकलेले नाही.

पंपिंग स्टेशनला लागूनच साडूंचे क्वार्टर होते. ते त्यांनी मागून घेतले होते. खात्यातल्या बाकीच्यांनी वाऱ्याची दिशा पाहून शहराच्या पश्चिमेला घरे घेतली. साडूंनी उतार पाहून घेतले. संपूर्ण जुन्या नाशकाचे सांडपाणी ज्या ठिकाणी येऊन जमा होते, त्याच्या आधीची शेवटची मोरी त्यांच्या न्हाणीघराची होती. याचा त्यांना अभिमान होता. सकाळी दात घासत ते गॅलरीत उभे राहत आणि खाली पंपाच्या विहिरीत पडणारे सांडपाणी ऐकत. त्याला ते घाण म्हणत नसत. कोणी म्हटले तर त्यांना वाईट वाटे. त्यांचा शब्द आवक असा होता. "आज आवक चांगली आहे," ते लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या सुरात सांगत. चतुर्थीला आवक उशिरा सुरू होते, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला भल्या पहाटे एकदम चढते, शाळा सुरू झाल्या की तिचा काटा सरकतो, हे त्यांना पाठ होते. क्रिकेटचा सामना त्यांनी कधी पाहिला नाही. पण आवकेचा जोर पाहून ते सांगत, "कोणीतरी भरवशाचा बाद झालेला दिसतो. लोक उठलेत." ताईंनी या विषयाला घरात एकच मर्यादा घातली होती. पानात वरणभात पडला की आवक बंद. साडू तो नियम पाळत आणि पहिला भात शक्य तेवढ्या लवकर संपवत.

त्यांचा खरा शत्रू पाऊस होता. त्याहूनही पावसातला नागरिक. अंगणात, गल्लीत पाणी साचले की नाशकातला कोणताही सुज्ञ माणूस पहार घेऊन बाहेर येतो, रस्त्यातल्या ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण उचलतो आणि साचलेले पाणी आत सोडतो. गल्ली मोकळी होते, त्याला समाजसेवा केल्याचे समाधान मिळते. आत गेलेले पाऊसपाणी मात्र नळ्या भरून टाकते आणि खालच्या बाजूला, नदीकाठी, सगळी झाकणे उसळून वर येतात. साडूंचा जन्म ही एक गोष्ट लोकांना समजावण्यात गेला. "हे गटार तुमच्या आंघोळीचं आहे, आभाळाच्या नाही," असे ते दारोदार सांगत. लोक मान डोलावत आणि ते वळले की पहार शोधत.

एका श्रावणात सातपूरच्या बाजूला एका कॉलनीत ते अशा झाकणावर जाऊन बसले. छत्री उघडली, पाय जवळ घेतले आणि कोणालाही झाकण उचलू देणार नाही असे सांगितले. पहार घेऊन आलेले दोघेतिघे थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. पाऊस थांबेना, साडू उठेनात. साहेब रस्त्यात बसले आहेत म्हणजे उपोषणाला बसले आहेत, अशी बातमी कॉलनीत पसरली. बायकांनी सतरंजी दिली. कोणीतरी मागे फडके बांधले. मागणी काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते, पण ती रास्त आहे यावर एकमत होते. संध्याकाळी तिथले एक पुढारी हार आणि लिंबूसरबत घेऊन आले, म्हणाले, "साहेब, तुमची मागणी वरपर्यंत पोचली आहे. आता सोडा." साडूंना तहान लागली होती. त्यांनी सरबत घेतले. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून ते उठलेही. दुसऱ्या दिवशी मी ज्यात काम करत असे त्या दैनिकात आतल्या पानावर उपोषण मागे घेतल्याची बातमी छायाचित्रासह आली. खुलासा छापावा का यावर कार्यालयात चर्चा झाली. साडूंनीच नको म्हटले. त्या कॉलनीत त्यानंतर दोन पावसाळे कोणी झाकण उचलले नाही. आपली मागणी मान्य झाली आहे असे लोकांना वाटत होते.

अशा माणसाची मुलगी अश्विनी. ती सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होती. त्याच कारखान्यात निखिल नावाचा एक मुलगा मशीन शॉपला होता. दोघे कंपनीच्या एकाच बसने जात. दोन वर्षे एका बसने गेल्यावर घरच्यांनी भेटावे असे दोघांनी आपापल्या घरी सांगितले. निखिलच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. भांडी बाजारात त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान होते आणि जुन्या नाशकातल्या एका आळीत राहते घर. त्या घराचा मान दुकानामुळे नव्हता. घराच्या दारासमोर, रस्त्याखाली, त्या आळीची रहाड होती आणि तात्या तिचे मानकरी होते.

रहाड म्हणजे भर रस्त्याखाली बांधलेला जुना दगडी हौद. वर्षभर तो ओंडके आणि माती टाकून झाकलेला असतो, वरून सायकली आणि रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडतात. फुले उकळून केलेला रंग त्यात ओततात, पूजा करतात आणि मग दिवसभर माणसे त्यात उड्या टाकतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तात्यांच्या रहाडीचा केशरी.

मुलीकडचे म्हणून आम्ही त्यांचे घर पाहायला गेलो. पोहे झाले. साडूंनी गोटी काढली नव्हती. ताईंनी ती निघतानाच काढून घेतली होती. तात्या आम्हाला दारात घेऊन आले आणि पायाखालची रहाड दाखवली, म्हणजे रस्ता दाखवला. साडूंनी वाकून पाहिले.

"पंचमी झाली की यातलं पाणी कुठं जातं?"

"जाणार कुठं," तात्या म्हणाले. "गंगेत. तळाला बूच आहे. काढलं की गंगेत."

ताईंनी डोळे मिटले.

"गंगेत जायला नको," साडू म्हणाले. "या आळीतली लाइन मी टाकलीय. जुनं गटार त्या लाइनीला जोडलंय."

"साहेब, तुमची लाइन काल आली. रहाड पेशवाईतली आहे. तिला रस्ता ठाऊक आहे."

"मग तो रस्ता चुकीचा आहे."

"पेशव्यांना सांगा."

निखिलच्या आत्या तिथे होत्या. त्यांच्या नात्यातली एक मुलगी त्यांच्या मनात आधीपासून होती. त्या म्हणाल्या, "चहा आणू का निरोपाचा?"

साडूंनी मुद्दा सोडला नाही. रहाडीचे पाणी जुन्या गटारात उतरत असेल आणि ते गटार नव्या लाइनीला मिळालेले नसेल, तर या घराच्या मोरीचे पाणीही सरळ घाटावर जात असणार, कारण मोरी त्याच गटारात आहे. हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मग म्हणाले, "उद्या ही या घरात आंघोळ करणार. माझ्या मुलीचं पाणी मी असं उघड्यावर नदीत जाऊ देणार नाही."

आळीत इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाल्याचे कळले.

रस्ता खणून तपासण्याची साडूंची तयारी होती. तात्यांनी साफ नकार दिला. रंगपंचमीशिवाय रहाडीला कुदळ लागत नाही, असा दंडक आहे. मोरीत रंग टाकून पाहू म्हटले तर तेही नाही. "सोयरीक जुळायच्या आधी पाहुणा आमच्या मोरीत रंग ओतणार? रंग पंचमीला. त्या दिवशी कितीही ओता." तेव्हा काय ते पंचमीला ठरेल, असे ठरले. प्रश्न वेळेचा होता. त्या वर्षी पावसाळ्यात सिंहस्थ लागत होता. गुरू सिंह राशीत गेला की नाशकात लग्ने होत नाहीत, आणि तो वर्षभर तिथेच राहतो. पंचमीनंतर वैशाखातले मुहूर्त गाठले तर लग्न. नाहीतर सिंहस्थ संपेपर्यंत थांबायचे, आणि आत्या तोवर थांबणार नव्हत्या. योगायोगाने साडूंच्या नळ्यांनाही तीच मुदत होती. सिंहस्थाच्या आधी घाटावरची गटारे बंद करून दाखवायची होती.

मधल्या महिन्यात निरोप्याचे काम माझ्याकडे आले. भांडी बाजारात गेलो की तात्या तराजूवरून मान न उचलता बोलत. "सांगा तुमच्या साडूंना. आमच्याकडे मुलगी द्यायला लोक रहाड बघून येतात. गटार बघून आलेले हेच पहिले." मी ते सांगितले. साडू म्हणाले, "त्यांना सांगा, रहाड वर्षातून एक दिवस. गटार रोज." तेही मी पोचवले. तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बोलतात बरोबर. पण बोलायची जागा चुकते."

अश्विनी घरात फारशी बोलत नव्हती. एका रविवारी जेवताना तिने विचारले, "बाबा, तुम्ही माझं लग्न करताय की जोडणी देताय?"

"दोन्हीला उतार नीट लागतो," साडू म्हणाले.

"आणि नाही निघाला तर?"

पानात वरणभात होता. साडूंनी पुढचा घास घेतला. नियमामुळे की आणखी कशामुळे, हे ताईंनाही कळले नाही. तिने ताट उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. त्या रात्री साडूंनी जुन्या आळीच्या लाइनीचे नकाशे काढून पुन्हा पाहिले. नकाशात जोडणी होती. पण ती टाकली तेव्हा साडू आजारी होते आणि काम मुकादमाने करून घेतले होते. मुकादम निवृत्त होऊन सुरगाण्याकडे आपल्या गावी गेला होता. साडू पुढच्या रविवारी जीपने तिकडे जाऊन आले. मुकादम नागलीच्या शेतावर भेटला. त्याने आदराने बसवले, भाकरी खाऊ घातली आणि सांगितले, "साहेब, जोडली असंल. आपुन सोडतो का?" या विधानाचा कोणताच अर्थ निश्चित करता आला नाही.

रंगपंचमीच्या दिवशी सगळे शहर रस्त्यावर आणि रहाडींत होते. साडू घाटावर, जुन्या गटाराच्या तोंडासमोर, एका दगडावर बसले होते. पांढरा शर्ट, काळी छत्री. शेजारी मी. रंग खेळणारी पोरे त्यांच्याजवळ येत, चेहरा पाहत आणि दुसरीकडे वळत. पंपिंग स्टेशनवर पंपाचा माणूस नेमला होता. केशरी पाणी घाटावर आले तर लग्न मोडले. पंपावर आले तर जमले. दुपार उलटल्यावर आळीत तात्यांनी शेवटची उडी मारली, रहाडीतून माणसे बाहेर काढली आणि तळाचे बूच ओढले. निखिल धावत येऊन सांगून गेला. तो डोक्यापासून पायापर्यंत केशरी होता.

गटाराच्या तोंडातून नेहमीची बारीक धार येत होती. साडूंनी छत्री मिटली. धारेचा रंग बदलला नाही. थोड्या वेळाने त्यांनी खात्याने दिलेल्या मोबाइलवरून पंपावर फोन लावला. "काही नाही साहेब," पंपाचा माणूस म्हणाला. मागून ढोल ऐकू येत होता. पंपिंग स्टेशनवर ढोल का वाजतो आहे, हा प्रश्न त्या क्षणी साडूंना सुचला नाही.

मग तात्या आले. त्यांच्यामागे आळीतली पंचवीसतीस केशरी माणसे आणि आत्या. सगळे गटाराच्या तोंडाशी उभे राहिले.

"कुठंय पाणी?" तात्यांनी विचारले.

"इथं नाही आलं."

"म्हणजे तुमच्याकडं गेलं."

"तिकडंही नाही."

तात्यांनी गटारात वाकून पाहिले. एवढा हौदभर रंग, पेशवाईपासून दरवर्षी गंगेला मिळणारा, तो गंगेला मिळाला नव्हता आणि खात्यालाही मिळाला नव्हता. ते आधी रागावले होते, आता घाबरले. "साहेब, असं कसं होईल. पाणी आहे ते. कुठंतरी जाणारच."  साडू त्या दगडावर पुन्हा बसले. अभियंता झाल्यापासून पाण्याने त्यांना असे फसवले नव्हते. "जोडणी मी स्वतः बघायला पाहिजे होती," ते म्हणाले. "पोरीचं काय करू आता." हे ते कोणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. आत्या म्हणाल्या, "चला घरी, अंग वाळतंय." पण कोणी हलले नाही.

मोबाइल वाजला. ताई होत्या. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अहो, घरी या. न्हाणीघरातून केशरी पाणी वर येतंय. घोट्याच्या वर गेलं."

साडू दगडावरून उठले. नंतर म्हणाले, "उपसू नकोस."

घडले ते असे. पंपाचा माणूस आपल्या आळीच्या रहाडीवर गेला होता आणि फोनवर तिथूनच बोलत होता. जाताना तो पंप बंद करून गेला होता. विहीर भरली, लाइन तुंबली, आणि मागून आलेले सगळे पाणी उताराच्या शेवटच्या मोरीतून वर आले. ती मोरी साहेबांची होती. शहरातले सगळे ओव्हरफ्लो बंद करण्यासाठी ज्या माणसाने दहाबारा वर्षे घातली, त्याच्या घरातला हा ओव्हरफ्लो होता. तो पाहायला ते तात्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. पूर्ण केशरी माणूस मागे बसवून पांढऱ्या शर्टातला माणूस द्वारका चौकातून गेल्याचे अनेकांनी पाहिले.

तात्यांनी चपला बाहेर काढल्या आणि न्हाणीघरात उतरले. ओंजळीत पाणी घेतले, उजेडात धरले. वासही घेतला आणि लगेच ओंजळ लांब केली. त्यात आणखी काय मिसळले होते याचा तपशील देण्याचे कारण नाही. पण रंगाबद्दल त्यांना शंका उरली नाही. "आमचंच," ते म्हणाले. "शेजारच्या आळीचा गुलाबी असतो."

साडूंनी घोटाभर पाण्यात उभे राहून हात जोडले. "तात्या, तुमचं पाणी आमच्याकडं पोचलं."

"पोचलं ते दिसतंय," ताई दारातून म्हणाल्या. "उपसणार कोण?"

दोन्ही व्याह्यांनी पाणी उपसले. निखिल मागून सायकलवर आला आणि न सांगता बादली घेऊन उभा राहिला. अश्विनी त्याला पाहून आत गेली आणि हसण्याचा आवाज बाहेर आला. पंप सुरू करायला साडू स्वतः गेले. दिवेलागणीला पुढच्या खोलीत सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली गेली. आत्यांनीही घेतली. एवढ्या लांबून आलेल्या पाण्याला नाही कसे म्हणायचे, असे त्या म्हणाल्याचे सांगतात. मी ते ऐकले नाही.

लग्न वैशाखात झाले. मंगल कार्यालय साडूंनी पंगतीच्या मागची भांडी घासायची जागा पाहून निवडले. सासरी जाताना अश्विनी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. साडू बाजूला उभे होते. तात्या निरोप घ्यायला आले तेव्हा ते म्हणाले, "पावसात झाकण उचलू देऊ नका कोणाला."

"साहेब, मुलगी देताय का नोटीस?"

"मुलगीच," साडू म्हणाले.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचे पाणी पिऊ नये. आता ती फार कोणी पाळत नाही. साडूंचा रीतींवर विश्वास नव्हता, मुहूर्तावर नव्हता, वास्तुशांतीवर तर अजिबात नव्हता. ही एक रीत मात्र त्यांनी पाळायची ठरवली. कारण विचारल्यावर त्यांनी दिले नाही. घरात गेले तर पाणी पुढे येणार आणि ते नाकारावे लागणार, म्हणून ते घरातच जात नसत. सिंहस्थ आला आणि गेला. रोज सकाळी कामावर निघताना ते त्या आळीत येत. सोबतचा माणूस पहारीने आळीच्या तोंडाचे झाकण उचले, साडू गुडघ्यावर हात ठेवून आत पाहत. वर गॅलरीत अश्विनी केस पुसत उभी असे.

"बाबा, वर या."

"आता नको. उशीर झालाय. पाणी येतं ना वेळेवर?"

"येतं."

"जातंय ना?"

"जातंय, बाबा."

मग झाकण बसवले जाई. तात्या ओट्यावरून ऐकत असत. "आमचे व्याही रोज येतात," ते गिऱ्हाइकांना सांगत, "गटाराची खुशाली विचारतात आणि जातात." एकदा अश्विनीला ताप होता आणि गॅलरीत कोणी नव्हते. त्या दिवशी साडू झाकणाशी बराच वेळ वाकून राहिले. आत नेहमीसारखे वाहत होते. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. ते ओट्यापर्यंत गेले, तात्यांना विचारले, आणि परत फिरले.

नदी स्वच्छ झाली असे म्हणता येणार नाही. साडूही तसे म्हणत नसत. एक नाला बंद केला की वरच्या बाजूला दोन वसाहती उभ्या राहत. "आपण नळ्या टाकतो. लोक माणसं टाकतात," ते म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल आणि नारळ दिला, क्वार्टर परत घेतले, आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याने पश्चिमेला फ्लॅट घेतला. साडू दुसरीकडे राहायला गेले. तिथे गॅलरीतून काही ऐकू येत नसे. सकाळी ते लवकर उठत आणि काय करावे हे त्यांना कळत नसे.

त्याच वर्षी अश्विनीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झाले. बाळाला घेऊन ती सासरी निघाली तेव्हा पोचवायला ताई आणि साडू गेले. रिक्षा आळीच्या तोंडाशी थांबली. बाळ साडूंच्या हातात होते. ते झाकणावरून चालत पुढे गेले आणि दाराची पायरी चढले. आत्यांनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तात्यांनी पाट मांडला आणि दुकानातले नवे पितळी तांब्याभांडे स्वतः भरून आणले. बाळ ताईंकडे देऊन साडू पाटावर बसले. त्यांनी भांडे दोन्ही हातांनी धरले, सगळे पाणी प्यायले आणि आणखी एक भांडे मागितले.